बाळंतीण, बाळ आणि बाळाचा बाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी २२ वर्षं नर्स म्हणून काम केलं. खालचे प्रश्न या काळात मला कुणी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात विचारले, कुणी लसीकरणाच्या दिवशी, तर कुणी रात्री अकराला फोन करून. पूर्वी ते बायकाच विचारायच्या. आता नवरेही विचारतात, आणि ते विचारतात याचा मला फार आनंद आहे.

सव्वा महिना बाळंतिणीनं बाजेवरून उठायचंच नाही का?

उठायचं. साधं बाळंतपण असेल तर त्याच दिवशी आणि सिझर असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुतेक दुसऱ्या दिवशी, कुणाचा तरी आधार घेऊन चार पावलं चालायचं. नुसतं पडून राहिलं की पायातलं रक्त साखळायची भीती असते, पोट साफ होत नाही आणि अंगही आंबून जातं.

मात्र सव्वा महिन्याची रीत ज्यांनी घातली, त्यांनी बाईला कामातून सोडवलं, हे मोलाचं आहे. दवाखान्यात आम्ही ४२ दिवस म्हणतो, हिशेब जवळपास तोच. या दिवसांत हंडा, धुणं, दळणाचा डबा, शेणघाण यातलं काहीही तिच्याकडं नको. सिझर झालेलं असेल तर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. टँकर आल्याची आरोळी झाली की आपल्याकडं घरातला प्रत्येक जण भांडी घेऊन पळतो. त्या पळण्यात बाळंतीण दिसली तर तिला परत पाठवा.

बाळंतिणीला पाणी जास्त दिलं की पोट सुटतं, टाके पिकतात, असं आजी म्हणतात. खरं का?

नाही. माझं पहिलं बाळंतपण मे महिन्यातलं. आईनं मायेपोटीच मला दिवसाला अर्धा तांब्या पाणी मोजून दिलं. चौथ्या दिवशी लघवीला आग, पोट कडक, आणि लेकरू छातीशी रडतंय. मी तेव्हा नर्स झालेले नव्हते, आईला काही बोलू शकले नाही. म्हणून आज प्रत्येक घरात हे स्पष्ट सांगते की बाळंतिणीला तहान लागेल तितकं पाणी द्या. गरम करून गार केलेलं, ओव्याचं, कसंही चालेल. लेकरू पाजायला घेतलं की आधी तिच्या हातात पेला द्यायचा, एवढी सवय लावली तरी पुरतं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. बाजेशेजारी तांब्या भरलेला ठेवणं हे बाळाच्या बापाचं पहिलं काम समजा.

खायला काय द्यावं? आणि काय टाळावं?

टाळण्याची यादी आपल्याकडं फार लांब आहे आणि तिनं बाळंतिणीचं नुकसानच होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा जास्त खावं लागतं, दोन वेळा वाढीव तरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, हुलग्याचं माडगं, मेथी-शेपूची भाजी, दूध, ताक, अंडं, खात असतील तर मटण, हे सगळं चालतं. डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, खारीक-खोबरं हेही चांगलंच, पण नुसत्या लाडवांवर आणि तूप-भातावर बाई ठेवायची नाही. भाजी आणि डाळ हवीच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाला खरंच त्रास होतो असं दोन-तीनदा दिसलं, तर तेवढाच थांबवा.

गोळ्या मात्र विसरू नका. लोहाची रोज एक, सहा महिने. कॅल्शियमच्या दिवसाला दोन, त्याही सहा महिने. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तास जाऊ द्या, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. शी काळी झाली तर घाबरू नका, ती गोळीमुळं होते. या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. बहुतेक घरांत त्या कपाटावर पडून असतात.

शेगडी, धुरी, पोट बांधणं?

तेलानं चोळणं, गरम पाण्यानं अंघोळ, हे करा, अंग मोकळं होतं. सिझरच्या टाक्यांवर मात्र चोळायचं नाही. पोटाला मऊ फडकं सैलसर बांधलं तर चालेल. श्वास कोंडेल इतकं आवळलं तर फायदा काहीच नाही. शेगडीला माझा ठाम विरोध आहे. बंद खोलीत निखारे ठेवले की त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि धुरानं कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो तो वेगळाच. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा बाळंतीण आणि बाळ दोघांनाही हवा लागली पाहिजे.

अंगावरून किती दिवस जातं? कधी घाबरायचं?

चार ते सहा आठवडे. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर पांढरं होत जातं. थोडं काम वाढलं की पुन्हा लालसर दिसतं, तो शरीराचा "बस कर" असा निरोप असतो.

आता जे लिहिते ते नवऱ्यानं आणि सासू-आईनं पाठ करावं, कारण बाळंतीण स्वतः बहुतेक वेळा सोसत राहते. तासाभरात पूर्ण पॅड भिजतंय किंवा लिंबाएवढ्या गाठी पडतायत. अंगावरच्याला घाण वास येतोय. ताप १००.४ च्या वर गेलाय. डोकं फुटायला आलंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत, चेहरा सुजलाय. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. धाप लागतेय, छातीत दुखतंय. झटका आला. यातलं एकही झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. रक्तदाब बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही वाढू शकतो, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत नीट होता म्हणून निर्धास्त राहू नका. सरकारी दवाखान्यात जाण्या-येण्याची गाडी, औषधं, रक्त, हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. खर्चाच्या विचारात रात्र घालवू नका.

पहिला चीक काढून टाकायचा ना? दूध तर तिसऱ्या दिवशी येतं.

चीक टाकायचा नाही, एक थेंबही नाही. तो थोडाच असतो, पण नवजात लेकराचं पोटही तेवढंच असतं. जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावा, सिझर झालं तरी जमेल तितक्या लवकर. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पाचव्या दिवसानंतर लेकरू दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांपर्यंत भरून निघतं.

"दूध नाही" असं सांगत येणाऱ्या दहांपैकी बहुतेकींचं लेकरू नुसतं बोंड धरून चोखत असतं. तोंड मोठं उघडल्यावर बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. छाती लाल, गरम झाली, ताप आला तर दवाखान्यात दाखवा, पण पाजणं थांबवू नका.

मे महिन्यात तरी लेकराला चमचाभर पाणी पाजावं का?

नाही. सहा महिने पाणीही नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं तर आईला पाणी जास्त द्या आणि लेकराला जास्त वेळा पाजा.

गुटी, मध, काजळ, नाळेला तेल-हळद?

यातलं काहीच नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी लेकराचे स्नायू लुळे पडू शकतात. नाळ कोरडी ठेवा, आपोआप गळते.

पहिलं बाळंतपण माहेरी. मी जावई, सारखं सासुरवाडीला गेलो तर लोक काय म्हणतील?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आपल्या रीतीत सातव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सासरी जाते. मधल्या काळात बाप दोनदा दिसतो, एकदा दवाखान्यात पेढे घेऊन आणि एकदा बारशाला. बारशाला आला की दाजी म्हणून त्याला पलंगावर बसवतात, चहा देतात, कुंची घातलेलं लेकरू दोन मिनिटं मांडीवर ठेवतात आणि ते रडलं की कुणीतरी बाई उचलून आत नेते. पुढं घरी आल्यावर तोच बाप म्हणतो, मला जमत नाही, ते माझ्याकडं रडतं. रडणारच. त्याला तुमचा वास आणि आवाज ओळखीचाच नाही.

सासुरवाडीला जावई म्हणून जाऊ नका, बाप म्हणून जा. पाहुणचार नको असं सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगा. आल्या आल्या बादलीतली बाळुती धुवायला घ्या, जेवायला स्वतः वाढून घ्या. दोन दिवस लोक बघतील. सेलूजवळच्या एका गावात एक जण आठवड्यातून तीनदा मोटारसायकलवर यायचा आणि ओट्यावर बसून बाळुती पिळायचा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. महिन्याभरानं त्याच बायका आपापल्या जावयांना त्याचं नाव सांगत होत्या.

सुतक, सोयर पाळणारी घरं दहा-बारा दिवस बापाला खोलीत येऊ देत नाहीत. मी मोठ्या माणसांशी वाद घालत नाही. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, धुतलेले कपडे घाला आणि मग आत या, एवढंच सांगते. ज्या घरात हेही चालत नाही, तिथं दारातून का होईना, रोज बोला. ती आवाज ऐकते, लेकरूही ऐकतं.

आशाताई घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. यातले दोन दिवस तरी तिथं राहा. वजन किती भरलं हे तुम्ही स्वतः ऐका.

इतकं लहान लेकरू हातात घ्यायची भीती वाटते.

बसून घ्या, उभ्यानं नको. एक तळवा मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. मान अजून धरत नाही एवढंच ध्यानात ठेवायचं, बाकी लेकरू वाटतं तितकं नाजूक नसतं. चुकूनही हलवून, हिसके देऊन शांत करायचं नाही. रडणं सहन होत नसेल तर खाली सुरक्षित झोपवा, पाच मिनिटं अंगणात जाऊन या.

पाजणार तर तीच. रात्री मी उठून काय करू?

लेकरू उचलून तिच्याजवळ द्या. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा, ढेकर निघू द्या. लंगोट बदला. मग पाठीवर उताणं झोपवा, भोवती उशा-गोधड्यांचा ढीग नको. तिचं काम वीस मिनिटांचं राहतं आणि पुढचा अर्धा तास तिला झोप मिळते. पाचवीला सगळं घर जागतं, दिवा रात्रभर ठेवतं. त्या रात्री बाळंतिणीला झोपवा आणि दिव्याजवळ बापानं बसावं, असं मी सुचवते. बऱ्याच घरांनी ऐकलंय.

दारू प्यायली असेल तर लेकराशेजारी झोपायचं नाही. बिडी-सिगारेट घरात नाही, आणि बाहेर ओढली तर हात-तोंड धुऊन, सदरा बदलूनच जवळ या.

बाळाचं वजन कमी भरलं. बापाला काही करता येतं का?

येतं, आणि फार मोठं. अडीच किलोच्या आतलं लेकरू उघड्या छातीशी ठेवलं तर त्याची ऊब टिकते, वजन चांगलं वाढतं. आई थकते तेव्हा बापानं ठेवायचं.

ट्रॅक्टरवर काम करणारा एक गडी आठवतो. लेकरू १ किलो ९०० ग्रॅम. सदरा काढून, छाती पुसून तो भिंतीला टेकून बसला. लेकराला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. मी ते त्याच्या छातीच्या मधोमध उभं ठेवलं, तोंड एका बाजूला वळवलं, नाक मोकळं आहे ना पाहिलं, पाय बेडकासारखे दुमडले आणि दोघांभोवती आईचं जुनं लुगडं गुंडाळलं. त्याचे खांदे कानापर्यंत चढलेले होते, श्वासच घेईना. दहा मिनिटांत लेकराची हालचाल थांबली, ते झोपलं. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. "सिस्टर, याचं काळीज मला लागतंय," एवढंच तो म्हणाला. पुढं महिनाभर तो शेतातून आला की अंघोळ करून दोन-दोन तास बसायचा.

ती सारखी रडते. लेकराकडं बघू वाटत नाही म्हणते. बाहेरचं लागलंय का?

बाहेरचं काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मन भरून येणं, उगाच रडू फुटणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्याला झोप, जेवण आणि कुणीतरी ऐकून घेणं पुरतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदास आहे, लेकरू झोपलं तरी हिला झोप नाही, जेवण जात नाही, "मी चांगली आई नाही" हेच घोळतंय, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं डॉक्टरांकडं असतात. जीव द्यावा किंवा लेकराला काही करावं असं मनात येत असेल, भास होत असतील, तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

अंगारे-धुपारे करण्यात आठवडे गेलेली एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती वाचली, पण लेकराचे पहिले चार महिने तिला आठवत नाहीत. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न अशा बाईला विचारू नका. "आज किती झोपलीस?" हा विचारा.

बापालाही हे होतं. तो रडत नाही, चिडतो, घराबाहेर राहतो, पिणं वाढतं. त्यानंही त्याच नंबरवर बोलावं.

दुसरीही मुलगीच झाली. घरात कुणी तिच्याशी नीट बोलत नाही.

मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, आईच्या हातात काही नसतं. हे वाक्य नवऱ्यानं आपल्या आईसमोर, सगळ्यांच्या देखत बोलायला हवं. मी बोलले तर नर्स बोलली म्हणतात. तो बोलला की घर गप्प होतं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आहेत आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. अटी आणि कागदपत्रं आशाताईंना विचारा, फॉर्म भरायला बापानं जावं. जन्माची नोंदही २१ दिवसांत करून टाका.

जवळ कधी यायचं? पाळी नाही तर दिवस जात नाहीत ना?

अंगावरचं थांबलेलं असावं, टाके भरलेले असावेत, आणि तिची इच्छा असावी. साधारण सहा आठवडे धरा. पाळी आली नसली तरी दिवस जाऊ शकतात. तांबी (कॉपर-टी) बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, दिवस राहू नयेत म्हणून असलेली छाया गोळी आणि सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन अंगावर पाजणारीलाही चालतं. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, त्याच दिवशी घरी येता येतं, ताकद जात नाही. तीन महिने मात्र दुसरं साधन वापरावं लागतं.

आम्ही ऊसतोडीला जातो. उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, मुकादम थांबत नाही.

याचं उत्तर लिहिताना मला वाईट वाटतं, कारण खरं उत्तर सव्वा महिना घरी थांबा हेच आहे. जमलंच नाही तर माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. लस कुठल्याही जिल्ह्यात मिळते, दीड महिन्याची चुकवू नका. फडाजवळच्या गावातल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात गाठा. बाळंतिणीला मोळी उचलायला लावू नका, दर दोन-तीन तासांनी पाजायला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जाऊ द्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरतात, तेव्हा तिची उसंत तुम्हालाच मुकादमाकडून मागून घ्यावी लागेल. दूध काढून ठेवायचं असेल तर धुऊन उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत, सावलीत, चार तासांच्या आत वापरायचं आणि चमच्यानं पाजायचं. बाटली नको. ऊन तापू लागलं की चार तासही धरू नका.

मी पुण्याला कंपनीत आहे. सुट्टी मिळत नाही, पंधरा दिवसांतून एकदा येतो.

केंद्र सरकारच्या नोकरदाराला १५ दिवस पितृत्व रजा आहे. खासगी कंपनीवर तसा कायदा नाही, तरी लेखी मागा, काही ठिकाणी देतात. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, आणि नुसतं बाळ दाखव म्हणू नका, ती जेवली का हे आधी विचारा. गोळ्यांची आठवण, लसीची तारीख, दवाखान्याचे कागद हे सगळं लांबूनही सांभाळता येतं. आणि ज्या रात्री याल, त्या रात्री एसटीतून उतरून आधी अंघोळ करा, कपडे बदला, लेकरू घ्या आणि तिला सांगा, पाजायच्या वेळी उठवतो, तोवर झोप.